अस्वलानं धरलेले पाय

तीर्थरूप आबा,
माऊलीचा नमस्कार, हितूनच वाकून.

मी बरा हाय. खायाप्यायची आबाळ न्हाई. आईचा गुडघा कसाय?

परवा तुमी गावच्या सहलीसंग हितं पार्कात आलते. गेटावर इचारलं, "आमचा माऊली हापिसात हाय, बोलवा की." ते म्हणले, असा कुणी न्हाई. तुमचे सात फोन येऊन गेले, पण माझा फोन लॉकरात होता.

मग कारंज्यापाशी एक अस्वल तुमच्या पाया पडलं. सूर्यभानकाका हसले, "आरं, हे तर आपल्याकडलंच दिसतंय!" तुमी त्याच्या केसाळ डोक्यावर हात ठेवून म्हणले, "सुखी राहा, लेकरा."

आबा, ते अस्वल मीच. हापिसचं खोटं सांगितलं. पोशाखात बोललं की नोकरी जाते. पाया पडायला मात्र मनाई न्हाई.

आत लय उकडतं. एकदा चक्कर आलती, आईला सांगू नका.

जाताना तुमी तीनदा वळून बघितलं. मी दोन्ही पंजे हलवायलो, अन् तुमी माझ्यामागं हापिसच्या दाराकडं बघायलात.

सहाला मी अस्वलाचं डोकं काढून ठेवतो. तवा फोन करा. शिव्या दिल्या तरी चालतील.

तुमचाच,
माऊली