नातवाचं पेट्रोल

कोल्हापूर,
तुळशीचं लग्न, २००४

तीर्थरूप आकाराममामांना यशराजचा दंडवत, मामींना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्याची खास विचारपूस. (फोन तुमच्या दाजींच्या, म्हणजे आबांच्या, उशाशी असतो, म्हणून पत्र.)

माझं आयुष्य बदललं ते याच सप्टेंबरात, कॉलेजच्या सभागृहाच्या दारात. वर्षाराणी हंबीरराव चौगुले या मुलीनं भर माईकवरून माझ्याकडं बोट केलं आणि सांगितलं, "ते बाहेर गाडी चालू ठेवून उभे आहेत ना, ते आपल्या नातवाचं पेट्रोल जाळतायत." अख्खं सभागृह मान मोडून मागं बघायला लागलं. (मी कॉलेज अर्ध्यात सोडलं हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण त्याचं कारण आबांनी वेगळं सांगितलं असणार. एका सरांनी मला वर्गात म्हैस म्हटलं. आपल्या घरात तीन पिढ्या म्हशी आहेत. म्हशीचा असा अपमान मला सोसला नाही, पुस्तकं बाकावर टाकून बाहेर पडलो. आता त्याच कॉलेजच्या कँटीनला दूध घालतो आणि सर त्याच दुधाचा चहा पितात. बाकी मी काही बोलत नाही.) त्या दिवशी तेलबचतीवर वक्तृत्व स्पर्धा होती. आबांची फटफटी एकदा बंद पडली की पुन्हा चालू व्हायला चौघांचा धक्का लागतो, म्हणून मी ती धडधडत ठेवून किटली पोचवायला गेलतो. सायलेन्सर तर आबांनी गेल्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला काढला तो परत बसवलाच नव्हता.

दुसरा कुणी चिडला असता. मीही चिडलो, पण निम्म्यात थांबलो. कारण मामा, विचार करा, ती माझ्या नातवाविषयी बोलत होती. नातू म्हटला की त्याला आजी आली. जी मुलगी आजवर माझ्याशी 'दूध पातळ आहे' एवढंही बोलली नव्हती ती थेट नातवापर्यंत पोचली, म्हणजे मधलं सगळं तिनं धरूनच चाललेलं असणार. मी गाडी बंद केली आणि उभ्यानं भाषण ऐकलं. जमिनीखालचं तेल व्हायला कोट्यवधी वर्षं लागली आणि आपण ते चौकात जाऊन यायला उडवतोय. ऊस तोडला तर खोडवा फुटतो, तेल उपसलं तर खाली नुसतं भोक राहतं, असं म्हणाली. मला पटलं. (माझा मित्र संघर्ष म्हणतो, तिनं तूरडाळीवर भाषण केलं असतं तरी तुला पटलं असतं.) ती बाहेर आल्यावर मी सांगितलं की गाडी बंद केली ती कायमची. तिनं मला नव्हे, किटलीला बघून उत्तर दिलं, "पाडव्यापर्यंत टिकवून दाखवा, मग बोलू."

हे 'मग बोलू' घेऊन मी सायकलवरून दूध घालायला लागलो. आबांनी तेवढं चालवून घेतलं. पण पाडवा जवळ आला आणि खरी लढाई सुरू झाली. तुम्ही हातकणंगल्याची माणसं, पाडव्याला तुमच्या म्हशी गोठ्यात रवंथ करत बसतात, म्हणून सांगतो. आमच्याकडं त्या दिवशी म्हशीची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात घुंगरू बांधतात, आणि मालक बिनसायलेन्सरच्या मोटारसायकलीवर पुढं आणि म्हैस मागं, अशी रस्त्यानं पळवतात. ज्याची म्हैस गाडीची पाठ सोडत न्हाय तो वर्षभर पेठेचा राजा. आपली हरणी (सध्या आटलीय, पण रूपाला तोड न्हाय) रेडकू होती तेव्हापासून त्या आवाजावर वाढली. तिला आबांचं तोंड ओळखू येत नाही, इंजिन ओळखू येतं.

मी आबांना म्हटलं, "धार काढताना रेडकासाठी एक सड सोडता की न्हाय? मग नातवासाठी टाकीतलं जरा सोडायला काय झालं?"

आबा शांतपणे म्हणाले, "रेडकू दाव्याला बांधलंय, दिसतंय. तू आधी नातू दाखव."

यावर उत्तर असेल तर कळवा. पाडव्याच्या सकाळी आबा उटणं लावून बसले असताना मी टाकी कॅनमध्ये रिकामी केली आणि कॅन पुढच्या पिढीसाठी माळ्यावर ठेवला. (झाकण सैल राहिलं. परवा बघितलं तर निम्मं उडून गेलंय. राखून ठेवायची अक्कलसुद्धा बहुतेक पुढच्याच पिढीला येणार.) मग मिरवणुकीत हरणीच्या पुढं मी निघालो, सायकलवर, चाकाच्या तारांत पुठ्ठे अडकवून. फटफट आवाज बरा येत होता. हरणीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ते सर बघायचे. आबांनी टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढला.

एवढ्यात समोरून वर्षाराणी आली. गाडीवरून. लहानशी स्कूटी, हँडलला कोथिंबिरीची जुडी, पण सायलेन्सर फुटलेला, आवाज थेट आबांच्या गाडीचा. हरणीनं कान टवकारले, मला सायकलीसकट आडवं केलं आणि शेपूट वर करून तिच्या मागं सुटली. वर्षाराणी घाबरून गाडी जोरात पळवी, तशी हरणी खूश होऊन जोरात धावे. मागं मी, माझ्या मागं आबा, आणि दुतर्फा माणसं शिट्ट्या मारतायत, कारण असली पळणारी म्हैस पेठेनं बघितली नव्हती. ही वरात थेट हंबीररावांच्या अंगणात गेली आणि हरणी रांगोळीवर बसली.

मला धाप लागलेली, डोकं फिरलेलं. सगळ्यांदेखत विचारलं, "कोथिंबिरीची जुडी आणायला कुणाच्या नातवाचं पेट्रोल जाळलंत?"

लोक हसले. ती लाल झाली. आत जाऊन गाडीची किल्ली ठेवून आली आणि म्हणाली, "चुकलं माझं. ही गाडी आता निघायची न्हाय. पण तुमची म्हैसही इथनं इंजिनामागनं जायची न्हाय. तुमच्या हाकेवर, पायी न्या. तोवर बोलणं न्हाय."

तेव्हापासून ती चालत कॉलेजला जाते आणि मी रोज तिच्या अंगणात गूळ दाखवून म्हशीला हाका मारतो. हंबीरराव शिरोलीच्या फौंड्रीतून दमून येतात आणि एकच विचारतात, "पावणं, म्हैस तुमची, कडबा माझा, ह्ये किती दिवस चालायचं?" वर्षाराणी माझ्याशी शब्दही बोलत नाही. फक्त एकदा जाता जाता हरणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ह्याचं जरा ऐकत जा गं." त्यावर माझे चार दिवस गेले.

आपला नम्र भाचा,
यशराज

ता. क. मूळ मुद्दा राहिला. पेठ हसते म्हणून आबा फटफटी घेऊन हरणीला आणायला जातो म्हणतायत. तो आवाज त्या अंगणात गेला की संपलं सगळं. तरी तुमच्याकडं एखादी मुऱ्हा म्हैस विकायला आलीय असं कळवून आबांना आठवडाभर अडकवून ठेवा. रेल्वेनंच बोलवा, तेवढंच तेल वाचेल.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं. परवा संध्याकाळी हरणी उठली आणि नुसत्या हाकेवर माझ्यामागं आपल्या बोळाच्या तोंडापर्यंत आली. मी तिला परत नेऊन हंबीररावांच्या अंगणात बांधली. म्हैस घरी आली की 'मग बोलू' आलं, आणि ती काय बोलेल ते मला माहीत नाही. हाका मारायचं तेवढं बरं चाललं होतं.

ता. क. तिसरा. मामा, त्या मुऱ्हा म्हशीचा निरोप पाठवू नका, उशीर झाला. आत्ता संघर्ष पळत आला. परवाचं वर्षाराणीनं खिडकीतून सगळं बघितलंय. निरोप असा: "आलेली म्हैस परत आणून बांधणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. आज तिला घेऊन जा आणि बोलायला या." इकडं आबा गोठ्यात बाटलीनं पेट्रोल ओतून किक मारतायत आणि इंजिन खोकायला लागलंय. ही ओळ गोठ्याच्या दारावर कागद टेकवून लिहितोय. दार ओढून बाहेरून कडी घातली. आबा आतच आहेत. निघालो, पायी.