साहेबांचा खासगी हिमकाळ

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार,

गुडघा कसा आहे? मामींनी तुमचा जिना बंद केलाय असं आई म्हणाली, बरंच केलं. मी खुशाल आहे, म्हणजे विद्वानांच्या घोळक्यात माणूस राहू शकतो तितपत.

आमच्या संस्थेत काय चालतं असं तुम्ही दर वेळी विचारता आणि मी 'चिखल' म्हणून मोकळा होतो. या वेळी सविस्तर ऐका. प्रवाळांच्या शेजारी समुद्राच्या तळात लांब नळी खुपसायची आणि आतला गाळ जसाच्या तसा वर काढायचा. पृथ्वी उबदार असली की समुद्र चढतो, प्रवाळ जोमात येतात आणि त्यांचा पांढरा भुगा उतारावर साचतो. थंडीचा काळ आला की पाणी उतरतं, प्रवाळ उघडे पडून मरतात आणि काळपट मातीचा थर बसतो. पांढरा, काळपट, पुन्हा पांढरा, अशी लाखो वर्षांची उजळणी. (एवढं मला, गोदाम सांभाळणाऱ्याला कळतं. साहेबांना ते सांगायला दोन तास आणि छत्तीस चित्रं लागतात.) पथ्य एकच, नळीचं वरचं टोक कुठलं ते विसरायचं नाही. म्हणून वर हिरवं टोपण, खाली लाल.

तर परवा साहेबांनी भरल्या सभागृहात जाहीर केलं की आजवरचे सगळे शास्त्रज्ञ चुकले. सगळं जग दहा हजार वर्षं उबदार, पण आमच्या प्रवाळांपुरता हिमकाळ अजून चालूच! (हे सांगताना गृहस्थ घाम पुसत होते.) टाळ्याही पडल्या, टाळ्या वाजवणाऱ्यांना पुढच्या महिन्यात बढत्या हव्या आहेत. फक्त नव्याने लागलेली एक संशोधक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, प्रत्येक थरात जाड वाळू वर आणि बारीक चिखल खाली कसा? जड ते आधी बुडतं ना?" नळी आणून पाहिली तर सबंध नळीच डोक्यावर उभी होती. तीस वर्षं चिखलात काढलेल्या माणसाला चिखलाचं डोकं कुठे नि पाय कुठे हे कळू नये! आणि निर्लज्जपणा पाहा, आता म्हणतात टोपणं तिनेच मुद्दाम बदलली. सोमवारी चौकशी आहे, तिला काढणार. मला या माणसाची किळस येते.

आपला,
भाचा

ता.क. टोपणं बोटीवर मी लावली होती. मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही, मामा. अकरा वर्षं मी बोटीवरच्या आचाऱ्याला विचारून टोपणं लावत आलो. त्या दिवशी बोट लागून तो आडवा झाला होता.

आणखी ता.क. माझी नजर उत्तम असल्याचा दाखला नोकरीच्या वेळी डोळ्यांचे डॉक्टर म्हणून तुम्हीच दिलात, आईच्या शब्दाखातर, न तपासता. आता खरा दाखला द्या, सोमवारच्या आत. नुसत्या माझ्या शब्दाला साहेब भीक घालणार नाहीत. पोरीला पाठीशी घालतोय म्हणतील. नोकरी जाईल याची मला फार भीती वाटते.

शेवटचं ता.क. देऊ की नको असा विचार करत बसू नका. लेखी कबुली मी आज सकाळीच देऊन आलो, तुमच्या नावासकट.