पाणबुड्याची काच

१२ जानेवारी, सोमवार

सर्वेश पाणबुड्या देतोय! स्वतःहून! ऑफिसात फाईल उघडी टाकून मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. 'तुझ्याकडेच राहू दे. एसटीने पाठवतो.'

चार वर्षं या पाणबुड्यासाठी मी त्याच्या मागे लागले होते. दर वेळी एकच उत्तर– 'मॅडम, जीव मागा, पाणबुड्या मागू नका.'

संच पाच जणांचा. जपानी, पन्नासेक वर्षांपूर्वीचा. वीतभर उंचीची प्लास्टिकची माणसं– कप्तान, डॉक्टर, तारायंत्रवाला, भालेवाला आणि पाणबुड्या. हातपाय सांध्यांतून वळतात. भालेवाला मला इथल्याच मिरकरवाडा बंदरावरच्या भंगारवाल्याकडे सापडला, तिथून हे वेड लागलं. चौघं कपाटात उभे आहेत, पाचव्याची जागा रिकामी. त्याच्या डोक्यावर गोल काच असते. काच म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच, पण सगळे काचच म्हणतात. काढता-घालता येते, म्हणून बहुतेकांची हरवलेली असते. सर्वेशची शाबूत आहे. त्याचे वडील बोटीवर होते, त्यांनी कोबेहून त्याच्यासाठी आणलेला.

सर्वेश संगमेश्वरला वडिलांबरोबर राहतो. लग्न केलं नाही, माझ्यासारखंच. आम्ही अजून भेटलेलो नाही! एसटीने तास-दीड तासाचा रस्ता, पण नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ओळख, आणि देवघेव कंडक्टरच्या हातून. फोनवर बोलायचं त्याला पहिल्यापासून वावडं. सुरुवातीला 'या एकदा' झालं, मग दोघंही विसरलो. खरं सांगायचं तर मीच घाबरले. मला प्रत्यक्ष भेटल्यावर माणसं बोलेनाशी होतात, असा अनुभव आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

ऑफिसात तिळगूळ. राजश्री डबा पुढे करत म्हणाली, "दर्शना, या वयात बाहुल्या गं कसल्या गोळा करतेस!" बाहुल्या नव्हेत, ॲक्शन फिगर! पण सांगणार किती वेळा? हसले आणि तिळगूळ खाल्ला. मग त्यांचं हळदीकुंकवाचं ठरायला लागलं– कोणाकडे, कधी, वाण काय लुटायचं. मी टेबलावरचे कागद नीट करत बसले.

घरी आल्यावर बोलायला कोणी नाही. आई होती तेव्हा कटकट तरी होती.

संध्याकाळी सर्वेशचा मेसेज. 'तिळगूळ घे. जेवलीस का?'

हे दिवाळीपासून सुरू झालं. त्याआधी हा माणूस फक्त सांध्यांबद्दल, रंगांबद्दल आणि मूळ खोक्यांबद्दल बोलायचा. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा भालेवाल्याचा भाला अस्सल आहे की नकली यावर वाद घालत होता! दिवाळीत बरेच दिवस गप्प झाला. 'घरात अडचण होती' एवढंच लिहिलं, मीही खोदून विचारलं नाही. त्यानंतर थोडकंच लिहितो. पण 'मॅडम'ची 'तू' झाले, आणि रोज विचारतो– जेवलीस का.

उत्तर देता यावं म्हणून मी हल्ली वेळेवर जेवते. हे कोणाला सांगितलं तर हसतील. मला तो आवडायला लागलाय, हेही इथेच लिहिते.

१७ जानेवारी

पाणबुड्याची जागा पुसली. मागे नवा निळा कागद लावला.

हे कपाट घेतलं तेव्हाची गंमत आठवली. आपल्याकडे दमट हवा, चार महिने सगळ्याला बुरशी. म्हणून मी आईच्या शालूत ठेवायचे तशा डांबरगोळ्या प्रत्येक फळीवर ठेवल्या, आणि मोठ्या ऐटीत सर्वेशला फोटो पाठवला. काय भडकला होता! 'आधी त्या गोळ्या बाहेर फेका! प्लास्टिक विरघळतं त्याने! कपडे आहेत का ते?' दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. त्याच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट ती.

१९ जानेवारी

स्टँडवर जाऊन आले. नाही आला.

२० जानेवारी, मंगळवार

आज आला. नसता आला तर बरं झालं असतं.

बाबल्या कंडक्टरने खिडकीतूनच पिशवी दिली. "आप्पांनी दिलानी. संबाळून न्या म्हणाले." आप्पा म्हणजे सर्वेशचे वडील. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला पिटाळायचं स्टँडवर!

रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले. घरी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, मग सोडली. उघडताच वास आला.

डांबरगोळ्या.

निळ्या लोकरीच्या टोपीत पाणबुड्या गुंडाळलेला– बोटीवरची माणसं घालतात तसली टोपी– आणि टोपीच्या घडीत मूठभर गोळ्या. पिशवीही पॅकबंद. किती दिवस त्यात होता देव जाणे. काच विरघळून चेहऱ्यावर बसली आहे. पांढुरकी, चिकट. डोळे दिसत नाहीत. सोडवायला गेले तर नाकाचा रंग निघून आला. मी सोफ्यावर बसून भोकाड पसरलं, सत्तेचाळीस वर्षांची बाई!

मग संताप आला. लिहिलं– 'मला अक्कल शिकवलीत आणि स्वतः गोळ्या घातल्या? द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचं. नासवून कशाला दिलात? तुम्हाला त्याची कदर कधी नव्हतीच!'

वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

२१ जानेवारी

उत्तर नाही. मीही लिहिणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

वाटलं होतं, पाणबुड्याचं वाईट वाटत राहील. तसं काही नाही. चौघांच्या शेजारी तो उभा केलाय, आंधळा, आणि त्याची सवयसुद्धा झाली.

वाईट वाटतं ते संध्याकाळी. फोन टेबलावर पालथा ठेवते, मग उलथा करते. काल रात्रीचं जेवण केलंच नाही. कोणाला सांगायचं होतं जेवले म्हणून? आज कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत रडत बसले. शेजारच्या शमिकाने बेल वाजवून विचारलं, "मावशी, काही करपतंय का?" नाही म्हटलं. करपलं होतं.

२६ जानेवारी

ऑफिसात झेंडावंदन. जिलबी घरी आणली, तशीच आहे.

शेवटी मीच लिहिलं. 'सर्वेश, रागाच्या भरात बोलले. चूक झाली. प्लास्टिकचं काय, आपण बोलत राहू.'

वाचलं. उत्तर नाही. एकदा 'टायपिंग' दिसलं, बराच वेळ. मग गेलं.

२९ जानेवारी

टोपी धुवायला काढली होती. धुतली नाही. गोळ्यांच्या वासाखाली तंबाखूचा वास आहे. सर्वेश तर तंबाखूच्या नावाने बोटं मोडायचा. मग ही टोपी कोणाची, आप्पांची? पाणबुड्या गुंडाळायला बापाची टोपी कशाला घ्यावी याने?

उद्या-परवा स्टँडवर जाऊन बाबल्याकडे निरोप देते. फोनवर बोलत नाही, लिहीत नाही, तर निदान तोंडी निरोप तरी पोचेल.

३१ जानेवारी

बाबल्याला म्हटलं, "सर्वेशला सांग, दर्शना मॅडम माफी मागतात." त्याने तिकिटाचं मशीन खाली ठेवलं. "सर्वेश? तो दिवाळीतच गेला ना गो बाय! अटॅक आला. तुमाला ठाव नाय? पिशवी आप्पांनीच बांदलानी, आपल्या बोटीवरच्या टोपीत. पोराचं हाय, म्हणाले, हवा लागू नये."

गाडी गेली. मी स्टँडच्या बाकावरच बसले. त्याच नंबरवर लिहिलं–

'आप्पा, जेवलात का?'