बोगद्यातला कोनाडा

रविवार, १८ जानेवारी. कुसगाव

आज आबांवर उगाच चिडले. मनातून जात नाहीये.

खंडाळ्याच्या जुन्या रेल्वेवाटेवर मीच त्यांना फिरायला नेलं. रूळ कधीच उखडलेत, आता नुसती पायवाट आणि खाली दरी. तरी आबा दर चार पावलांनी मागे वळून बघत होते. जन्मभर कीमन म्हणून घाटात रूळ तपासत चालले, त्याची सवय. पण मागे ट्रेकवाली पोरं खोळंबली, हसायला लागली. मी खेकसलेच, "आबा, इथे गाडी येत नाही हो आता!"

"मला ठावं हाय. मानंला कुटं ठावं?" म्हणाले.

पुढे बोगद्याच्या भिंतीत माणूस मावेल एवढा कोनाडा. आबांनी मला त्यात उभं केलं. "पाठ टेकव. गाडी जाईस्तोवर असं ऱ्हायचं." आणि हात माझ्यापुढे आडवा धरला.

"भीती नाही वाटायची?"

"लय वाटायची."

तो आडवा हात! लोणावळ्याच्या बाजारात हॉर्न वाजला की हाच हात, आणि मी कायम भिंतीच्या बाजूला. मैत्रिणी हसायच्या. मी आबांना भित्रे समजत राहिले. किती वर्षं? रोज त्या कोनाड्यातून ते घरी यायचे, आणि मला वाटायचं ड्युटीवरून आले.

परतताना म्हटलं, "आबा, तुम्ही पुढे बघा. मागचं मी बघते."

तरी दोनदा वळलेच. मी येतेय ना, ते बघायला.