नदीकाठच्या फ्रीजची तक्रार

माय, तू खांडबाऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात बिघाडाच्या तक्रारी घ्यायचीस, तेव्हा शाळा सुटली की मी तुझ्या टेबलापाशी दप्तर टाकून बसायची. लाइनमन खांबावरून फोन लावून सांगायचा, "लाइन चालू व्हई गयी, बाई." आणि तू दर वेळी तेच म्हणायचीस, "ज्याना फोन शे, त्याले बोलू दे." मग तू स्वतः त्या घरी फोन लावायचीस. पलीकडून घरच्या माणसाचा आवाज आला की मगच तक्रार निकाली. एका बाजाराच्या दिवशी तू मला जिलेबी कबूल केली होतीस, आणि स्टेशनामागच्या मारवाडी शेठजींकडे काही केल्या फोन उचलला जाईना. मी कंटाळून म्हटलं, लाइनमन सांगतोय ना, मग लिही की झालं म्हणून. तू अशी काही चिडलीस! "तुले घाई शे म्हनीसन त्याना फोन चालू व्हई जाई का?" आणि भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन तू थेट त्यांच्या दुकानात गेलीस, मागून मी धुसफुसत. शेठजी हात पुसत बाहेर आले. "मी जेवाले बठेल व्हतू, बाई. घंटी ऐकू उनी नही!" फोन ठणठणीत होता. तुझी फेरी फुकट गेली, माझी जिलेबीही गेली, आणि तुझ्या चेहऱ्यावर मात्र समाधान. मला त्या समाधानाचा पुढे कित्येक वर्षं राग होता.

आता मीही तक्रारींच्याच कामात आहे. नंदुरबारला घरी बसून एका कंपनीचं काम करते. दूरच्या गावांत लसी ठेवायला सौर फ्रीज असतात, ते बिघडले की संगणकावर आमच्याकडे तक्रार येते. तिला आम्ही तिकीट म्हणतो. तू स्टेशनच्या गावची, आज असतीस तर नक्की हसली असतीस. आम्ही माणसं मोजकी आणि तिकिटं ढीगभर, म्हणून मदतीला एआय एजंट घेतला. माणूस नव्हे, प्रोग्रामच. पण तक्रार वाचतो, उत्तर लिहितो, थकत नाही. आधी त्याला फक्त वाचायची नि सुचवायची मुभा होती. मग त्याला तिकीट बंदही करता येईल असं साधन आलं, आणि ते त्याच्या हाती मीच दिलं. नियमही मीच लिहिला. फ्रीजमधल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा ठीक असेल आणि गावाकडून पुन्हा काही आलं नसेल, तर बंद कर. ढीग भराभर उतरला. मला फार अभिमान वाटला होता.

मणिबेलीच्या बाजूला, नावेनेच जावं लागतं अशा एका गावात एक सिस्टर आहे. तिचा फ्रीज बंद पडला. सेन्सरचा आकडा तिथून छतावरच्या अँटेनातून येतो, पण मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. ती चढली, तिने तक्रार पाठवली. एजंटचं उत्तर लगेच आलं: सोलर पॅनल पुसा, बटण बंद करून पुन्हा चालू करा. तिने खाली येऊन ते केलं. फ्रीज ढिम्म. मग आम्हीच शिकवल्याप्रमाणे तिने लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या, आणि जिथे लस तिथे सेन्सर, म्हणून सेन्सरही पेटीत ठेवला. इकडे आकडा झरझर खाली येतो. एजंटला वाटतं, आपला उपाय लागू पडला. सिस्टर टेकडीखाली, तिच्याकडून काही शब्द नाही. त्याने नीटनेटक्या मराठीत लिहिलं, 'सूचनेप्रमाणे पॅनल पुसल्यावर फ्रीज पूर्ववत', तोच मेसेज सिस्टरला धाडला आणि तिकीट बंद केलं. ती बिचारी तिकडे दुरुस्तीवाल्याच्या नावेची वाट बघत बसलेली.

शेवटी ती पुन्हा टेकडी चढली, तेव्हा तो मेसेज तिला मिळाला. तिने सरळ मला फोन लावला. "ताई, फ्रीज बरा व्हई गया म्हनीसन मन्हा मोबाइलवर येल शे. कोठे बरा व्हई गया? बंदच शे! लस मी बरफना डब्बामा ठेयेल शे, नि बरफ पघळी ऱ्हायना शे." दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. मी मेकॅनिक धाडला, बर्फ धाडला, पण नाव पोचेपर्यंत पेटीत कोमट पाणी होतं. लसी वाया गेल्या. वरच्या पाड्यांवरून बाया लेकरं घेऊन उतरल्या होत्या, त्यांना सिस्टरने हात जोडून परत पाठवलं. कुणीही आपल्यावर ओरडलं नाही, हे सांगताना ती रडली. मीही रडले, माय. प्रोग्रामवर रागवायचं तरी कसं? त्याला दिसलं ते खरंच होतं, पेटी गारच होती. कुणाला विचारायचं हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि मला ते तुझ्याकडून आयतं मिळालेलं होतं.

फ्रीज आता दुरुस्त झालाय. सिस्टरचं तिकीट मी पुन्हा उघडलं होतं, आणि बंद करायची मुभा एजंटकडून काढून घेतली. बाकीचं काम तो करतो आणि चांगलं करतो, पण शेवटचा फोन आम्ही लावतो. कंपनीचे पुण्याचे साहेब कुरकुरले, "रेंज नसलेल्या गावांची तिकिटं मग लोंबकळतच राहणार." राहू देत, म्हटलं. या तिकिटासाठी मी सिस्टरला रोज फोन लावत होते, काल ती टेकडीवर सापडली. "फ्रीज मस्त चाली ऱ्हायना शे, ताई. लसीकरणबी व्हई गयं. करी टाका बंद." मी विचारलं, सगळ्या बाया आल्या का? ती म्हणाली, "वरला पाडानी एक बाई उनीच नही. मांगे पोरले लईसन उनी व्हती. आते मी निरोप धाडेल व्हता, तरी नही." मी म्हटलं, मी बोलून बघू का तिच्याशी? "तिनाजोडे कोठे फोन शे, ताई!"

हे कागदावर लिहितेय ते तुझ्यासाठीच, आणि ते माझ्या कपाटातच राहणार. पण सांग, माय. तक्रार फ्रीजची होती, फ्रीज चालू आहे, आणि जिने तक्रार केली तिचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. तुझ्या नियमाने बंद करायला काही हरकत नाही. एजंटही अगदी नम्रपणे तेच सुचवतोय. मला मात्र त्या परत पाठवलेल्या बाईचं काही कळल्याशिवाय ते बटण दाबवत नाही. सिस्टर पुढच्या आठवड्यात स्वतः पाड्यावर चढून जाणार आहे, तोवर मी थांबणार. आज सकाळी साहेबांनी विचारलं, हे तिकीट अजून उघडं का? मी सांगितलं, एक पार्ट यायचा राहिलाय.