तुमच्या हातचा फोम

चाचा,

हे लिहायला बसायचं गेले चार महिने टाळतोय. आधी वही नव्हती. वही आणली तर पेन कुणीतरी नेलं. मग म्हटलं, गगनबावड्याला जाऊ आणि तिथंच निवांत बसून लिहू, तर तिथं धुकं बघत बसलो आणि एका ट्रकवाल्याबरोबर गप्पा मारत खाली कोकणात उतरलो. आठ दिवसांनी परत आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ह्याला पेन आणाया धाडला तर ह्यो शाईचा कारखाना बघून येतोय." खरं कारण एवढंच की तुमची गाडी माझ्या हातून मेली. ते ज्यांना सांगायचं त्या तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली.

तुमच्या गॅरेजात मी पहिल्यांदा आलो तो आयटीआय अर्ध्यात सोडून, मोपेडची किक तुटली म्हणून. मोपेड त्याच संध्याकाळी मिळाली, पण मी चार वर्षं तिथनं हललो नाही. आयुष्यात एका जागी एवढा कधी टिकलो नव्हतो, नंतरही नाही. कारण कोपऱ्यातली ती गाडी. उंच मडगार्ड, दातेरी टायर, नीलगिरीतल्या कुठल्याशा मळ्यावरनं ट्रकात घालून आणलेली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. डांबरी रस्त्यावर ती अवघडल्यासारखी चालायची आणि डोंगरात शिरली की सुटायची. तिला हात लावायची परवानगी मिळायला मला सहा महिने लागले, आणि मिळाली तीही फक्त एअर फिल्टरपुरती.

दुपार आहे. तुम्ही सीटखालचा डबा उघडून फिल्टरचा फोम बाहेर काढता, तांबड्या मातीनं जड झालेला. मी तो रॉकेलमध्ये बुडवतो, वर काढतो आणि दोन्ही हातांनी करकचून पिळतो. तुमच्या हातातला पाना थांबतो. "आरं ए! तालमीतला लंगोट हाय व्हय त्यो? पिळतोस काय? दोन तळव्यांत धर आन नुस्तं दाब. फाटला तर माती थेट पिस्टनवर जाती, कळतंय काय?" शेजारचा चहावाला कप ठेवता ठेवता म्हणतो, "चाचा, बायकोचं धुणं धुवायची तयारी चाललीया पोराची." तुम्ही मान वर न करता म्हणता, "ह्याला कोण देतंय बायको! हितं फोम टिकंना." मग साबणाच्या पाण्यातनं काढायचा, सावलीत वाळवायचा, आणि मग तुमची ती पद्धत, जी मी नंतर कुठंच बघितली नाही. दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुसून घ्यायची, तीत फोम घालायचा, वरून तेल ओतायचं आणि पिशवीचं तोंड धरून कणीक मळतात तसं मळत राहायचं, सगळ्या फोमला एकसारखा रंग येईपर्यंत. कडेला ग्रीस. आणि पुढच्या वेळी डबा उघडला की आधी कार्बोरेटरकडं जाणाऱ्या तोंडात बोट फिरवायचं. बोट कोरडं-स्वच्छ आलं तर फिल्टर काम करतोय. घाण आलं तर गाडी जागची हलवायची नाही.

जायच्या आदल्या पावसाळ्यात तुम्ही दोन नवे फोम कापलेत. जुना फोम वर ठेवून खडूनं रेघ मारली आणि चाचीच्या शिवणकामाच्या कात्रीनं कापलेत, म्हणून चाची दोन दिवस बोलली नाही. "एक गाडीत, एक पिशवीत," तुम्ही म्हणाला. "एक वाळत असला तरी गाडी थांबाया नगं. आन ध्यानात ठेव, बोअरिंग करून करून, आतनं घासून घासून, सिलिंडर संपलाय. ह्यो शेवटचा पिस्टन. ह्याच्या फुडचा बसायचा न्हाय." तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर चाचीनं गाडी माझ्या हवाली केली आणि ती कुरुंदवाडला भावाकडं राहायला गेली. अट एकच घातली. दर ईदला फोन करायचा आणि गाडी चालू करून आवाज ऐकवायचा. लग्नानंतर तुम्ही सासरवाडीला यायचात तेव्हा पुलावरनं हा आवाज आला की ती चहाचं आधण ठेवायची, म्हणून. नऊ वर्षं मी ऐकवला. कधी गोव्यातनं, कधी चिपळूणजवळच्या धाब्यावरनं. ती ऐकून घ्यायची. थोड्या वेळानं म्हणायची, "बस झालं. पेट्रोल जाळू नको."

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर परत कुठंतरी उतरेन.

नवा फोम मिळत नव्हता असं नाही. पण ते दोन तुम्ही कापले होते. मी तेच धूत राहिलो, आलटून पालटून, अगदी तुम्ही सांगितलं तसं. एकदाही पिळला नाही. आणि ते दोन्ही फोम आतनं म्हातारे होत होते. दोन वर्षांपूर्वी बोट फिरवलं तेव्हा बोटाला काळा चिकट भुगा लागला. मी तो पँटला पुसला आणि डबा लावून टाकला. का, ते मला आजही सांगता येत नाही. नवा बसवायचा म्हणजे हा फेकायचा, एवढंच डोक्यात होतं. या उन्हाळ्यात गगनबावड्याच्या अलीकडच्या तांबड्या वाटेवर गाडीचा आवाज बदलला, आत कुणीतरी खडे चाळतंय असा, आणि चढावर ती थांबली. किक मारली तर पाय सरळ खाली गेला. काही अडलंच नाही, आत दाबच उरला नव्हता. डबा उघडला, तर फोमला शिळ्या भाकरीसारखं भगदाड पडलेलं, उरलेलं बोटात चुरा होऊन आलं. बाकीचं तिनं गिळलं होतं, मातीसकट.

कोल्हापुरातल्या चार मिस्त्र्यांकडं नेली. शेवटच्यानं सिलिंडर उन्हात धरला, आतले ओरखडे दाखवले आणि म्हणाला, "पावणं, फोम बदलायला काय झालतं वो? एवढी जपलीया गाडी, आन तेवढंच न्हाय बदललं?" कागलच्या एमआयडीसीजवळ खोली घेतली, कारखान्यांतले टर्नर लोक काहीतरी बनवून देतील म्हणून. त्यांनी मापं घेतली, माना हलवल्या, चहा पाजला. सिलिंडरला मटेरियलच उरलेलं नाही म्हणे.

ईदला चाचीचा फोन आला. मी म्हणालो, "चाची, कागलला खोली घेतलीया, हितं पाऊस हाय लई, गाडी झाकून ठेवलीया." पाऊस नव्हता. ती म्हणाली, "बरं बरं. थांबल्यावर ऐकव." त्यानंतर तीनदा आला तिचा फोन. उचलला नाही. फोन वाजतो तसा मी हातात धरून बसतो आणि तो थांबायची वाट बघतो.

हे पत्र कुठं टाकणार आहे मी? तुमच्या कबरीवर ठेवलं तर चाचीच्या हाताला लागायचं. म्हणजे तुम्हाला सांगतोय असं नुसतं म्हणायचं. भीती तिची आहे.

रिक्षा थांबली वाटतं. घरमालकीण कुणाला तरी सांगत्येय, "व्हय व्हय, हितंच ऱ्हातोय, दार वाजवा की." खिडकीतनं दिसतंय. चाची आहे, एकटीच, हातात जेवणाचा डबा. दाराकडं आली नाही ती. अंगणात थांबली, डबा खाली ठेवला आणि गाडीवरच्या ताडपत्रीची दोरी सोडत्येय. मला हाक मारत्येय, "आरं, चालू कर की, आता कुठं हाय पाऊस?" आणि मी अजून लिहीतच बसलोय.