सक्सेनांसाठी मागवलेली बाकं

लष्कर, शनिवार, डिसेंबर १९५६

नवं हिंदीभाषक राज्य झालं आणि आमच्या मराठी वाचनालयात हिंदी विभागाला सक्सेना आले. दर महिन्याचं जाहीर वाचन इतकी वर्षं मी करायचो, आज त्यांनी केलं. समोरच्या हलवायाकडून बाकं मागवावी लागली. माझ्या वेळी कधी लागली? माझी बायको सुमन पहिल्या रांगेत होती. माझ्या वाचनाला ती विणकाम घेऊन येते. आज हात रिकामे.

"अगले महीने इसका दूसरा भाग," सक्सेना म्हणाले.

सगळे गेल्यावर त्या पुस्तकाचा दुसरा भाग मी कपाटातून काढून गुपचूप माझ्या नावावर चढवला. आता वाचा म्हणावं.

बाकं पोचवून आलो, मागणीवही उघडली. त्याच दुसऱ्या भागासाठी पहिलं नाव सुमनचं. वाणसामानाच्या यादीत तिचं अक्षर इतकं सुबक कधीच नसतं.